मोठ्या क्राफ्ट ब्रुअरीच्या बिअरला गुण कसे द्यावेत : सांगलीतील नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

परदेशात असलेला भाचा सुट्टीला येताना एखाद्या नामांकित ब्रुअरीचे, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचे, चार-पाच कॅन घेऊन येतो, मित्र जमतात आणि ‘ही बरी आहे’, ‘ही फार कडू आहे’ एवढ्या दोन वाक्यांत विषय संपतो. ज्यांना त्यापुढे जायचे आहे, म्हणजे समोरची बिअर नेमकी कशी आहे हे शब्दांत मांडून तिला विचारपूर्वक गुण द्यायचे आहेत, त्यांच्यासाठी हा लेख आहे. मी हे सांगलीतच राहून शिकलो. इंग्रजीत उपलब्ध असलेल्या मार्गदर्शिका थंड हवेच्या गावांना धरून लिहिलेल्या असतात आणि एप्रिलमधल्या सांगलीत त्यांतील निम्मे सल्ले जसेच्या तसे लागू पडत नाहीत, म्हणून येथील परिस्थितीनुसार सारे टप्पे नव्याने मांडत आहे.

सुरुवातीलाच एक भेद मनाशी पक्का करावा. आवड वेगळी आणि गुण वेगळे. तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यात उभा असलेला व्यापारी पेटीतील मूठभर बेदाणा हातात घेतो तेव्हा तो स्वतःला काय आवडते ते सांगत नाही, तर रंग, आकार आणि गर पाहून हा माल कोणत्या प्रतीचा आहे ते ठरवतो. बिअरचेही तसेच करायचे आहे. त्यात आपल्याकडे आणखी एक प्रश्न उभा राहतो: ग्लासात जो दोष जाणवला तो ब्रुअरीचा आहे की बिअर आपल्यापर्यंत आली त्या वाटेचा? या प्रश्नाचे उत्तर शोधल्याशिवाय दिलेले गुण ब्रुअरीवर अन्याय करणारे ठरतात.

एकाच मोठ्या ब्रुअरीच्या बिअर निवडण्यामागे कारण आहे. अमेरिकेतील ब्रुअर्स असोसिएशनच्या व्याख्येनुसार वर्षाला ६० लाख बॅरलपर्यंत उत्पादन करणारी आणि क्राफ्ट नसलेल्या मद्य कंपनीची मालकी २५ टक्क्यांपेक्षा कमी असलेली ब्रुअरी ‘क्राफ्ट’ म्हणवली जाऊ शकते. एक बॅरल म्हणजे सुमारे ११७ लिटर, तेव्हा ही ‘लहान’ ब्रुअरीदेखील आपल्या दृष्टीने अवाढव्य असू शकते. अशा ब्रुअरीची बिअर वर्षानुवर्षे त्याच नावाने, त्याच प्रमाणात मिळते, तिच्याविषयीची माहिती उघड असते आणि एकाच घरातील पाच वेगवेगळ्या शैली शेजारी ठेवून पाहता येतात. या लेखात मी उदाहरणासाठी सिएरा नेवाडा घेतली आहे. केन ग्रॉसमन आणि पॉल कॅमूसी यांनी कॅलिफोर्नियातील चिको या गावी सुरू केलेल्या या ब्रुअरीत पहिली बिअर १९८० मध्ये तयार झाली. तुमच्या हाती दुसऱ्या ब्रुअरीची बिअर असेल तरी पायऱ्या याच राहतात.

१. परवाना आणि कागदपत्रे

महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये मद्य बाळगण्यासाठी व पिण्यासाठी परवाना लागतो. घरात चार कॅन ठेवण्यासाठी परवाना कशाला, असे अनेकांना वाटते. परंतु कायदा घर आणि परमिट रूम असा भेद करत नाही. परवाना एक दिवसाचा, एका वर्षाचा किंवा आजीवन असतो आणि राज्य उत्पादन शुल्क विभागाकडे त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. जवळ ठेवावयाची कागदपत्रे अशी:

– वयाचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार कार्डावर दोन्ही असल्यास उत्तम)
– पासपोर्ट आकाराचे छायाचित्र
– मद्य सेवन परवान्याची प्रत
– बिअर शॉपीतून घेतली असल्यास खरेदीची पावती
– परदेशातून आणली असल्यास आणणाऱ्याच्या विमान तिकिटाची किंवा बोर्डिंग पासची प्रत

मित्रांना घरी बोलावून चाखणे वेगळे आणि पैसे आकारून चाखण्याचा कार्यक्रम ठेवणे वेगळे. दुसऱ्यासाठी स्वतंत्र परवानगी लागते, तेव्हा ‘खर्च वाटून घेऊ’ म्हणत अनोळखी लोकांना आमंत्रणे पाठवू नका.

२. बिअर मिळवणे

परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला सीमाशुल्क न भरता २ लिटरपर्यंत मद्य आणता येते. अमेरिकेतील नेहमीचा कॅन ३५५ मिलिलिटरचा असतो. पाच कॅन म्हणजे १,७७५ मिलिलिटर, आणि सहावा ठेवला की २,१३० होऊन मर्यादा ओलांडली जाते. तिकडे बिअर सहाच्या गठ्ठ्यात मिळते आणि येथेच गफलत होते, म्हणून नातेवाइकांना आधीच ‘पाचच’ असे स्पष्ट कळवा. शिवाय त्याच प्रवाशाने आपल्या वडिलांसाठी व्हिस्कीची बाटली घेतली असेल तर तीही याच २ लिटरमध्ये मोजली जाते. कॅन हातातल्या बॅगेत नेता येत नाहीत. ते सामानात, प्रत्येकी वेगळ्या प्लॅस्टिक पिशवीत आणि कपड्यांच्या मधोमध ठेवायला सांगावेत.

कोणते पाच मागवावेत? माझ्या मते पहिल्या बैठकीसाठी सिएरा नेवाडाच्याच पेल एल (५.६ टक्के अल्कोहोल), हेझी लिटल थिंग (६.७ टक्के), टॉर्पेडो (७.२ टक्के), स्टाउट (५.८ टक्के) आणि शक्य झाल्यास बिगफूट (९.६ टक्के) असा संच आदर्श आहे, कारण त्यात हलक्या सोनेरीपासून गडद तपकिरी-काळ्यापर्यंत आणि साध्या कडूपणापासून जवळजवळ मनुकांसारख्या गोडीपर्यंत सारा पट्टा येतो. बिगफूट हंगामी असल्यामुळे नेहमी मिळत नाही. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा मानकांनुसार बिअरमधील अल्कोहोल ८ टक्क्यांपर्यंतच असू शकते, त्यामुळे ९.६ टक्क्यांची बिअर येथील बिअर शॉपीत शोधण्यात वेळ घालवू नका.

ज्यांना परदेशातून काही येण्याची शक्यता नाही त्यांनी पुण्याचा रस्ता धरावा. भारतातील सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी (बिअर बनवून तेथेच पाजणाऱ्या लहान ब्रुअरींपैकी) एक, डूलली, पुण्यातच २००९ मध्ये सुरू झाली आणि त्यानंतर त्या शहरात हा व्यवसाय चांगलाच रुजला. अशा ठिकाणी चार-पाच प्रकारांचे लहान नमुने एका फळीवर मांडून देण्याची पद्धत असते. अभ्यासासाठी ती सर्वांत सोयीची. सांगलीहून जाताना गाडी स्वतः चालवत नेऊ नका. मिरज, सांगली, कराड, साताऱ्यावरून जाणाऱ्या कोयना एक्स्प्रेससारख्या रेल्वेगाड्या आहेत.

कॅन हाती आला की सर्वांत आधी तळाशी किंवा कडेला छापलेली तारीख वाचा. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात, त्यामुळे ०४/०७ म्हणजे ४ जुलै नव्हे, ७ एप्रिल. ती भरल्याची तारीख आहे की मुदत संपण्याची, हेही पाहा. हॉप्सच्या (बिअरला कडूपणा आणि वास देणाऱ्या वेलीच्या फुलांच्या) सुगंधावर उभ्या असलेल्या बिअर, म्हणजे पेल एल आणि सर्व आयपीए (इंडिया पेल एल, जसे हेझी लिटल थिंग आणि टॉर्पेडो), भरल्यापासून तीन-चार महिन्यांच्या आत चाखाव्यात. बिगफूटसारखी बार्लीवाइन, म्हणजे जास्त अल्कोहोलची दाट, गोडसर बिअर, याला अपवाद आहे. ती नीट ठेवली तर काही वर्षे टिकते आणि तिची चव बदलत जाते. स्थानिक शॉपीतून घेताना दर्शनी कपाटातील, ट्यूबलाइटखाली उभी असलेली बाटली घेऊ नका. आतल्या फ्रीजमधली मागा आणि हिरव्या किंवा पारदर्शक काचेपेक्षा तपकिरी काच किंवा कॅन पसंत करा.

३. साठवण

येथे थोडे थांबून सांगतो, कारण सांगलीत बिअर बिघडते ती बहुतेक वेळा याच टप्प्यावर. उन्हाळ्यात पारा चाळिशीला भिडतो तेव्हा बंद खोलीतील किंवा गाडीच्या डिकीतील कॅन किती तापत असेल याचा विचार करा. उष्णतेने बिअरचे ऑक्सिडीकरण झपाट्याने होते. फ्रीजमध्ये अनेक महिने जी टिकली असती ती काही आठवड्यांत शिळी होते. म्हणून कॅन घरात येताच फ्रीजमध्ये जावा आणि चाखण्याच्या दिवसापर्यंत तेथेच राहावा. थंड बिअर गरम होऊन पुन्हा थंड केली की लगेच खराब होते, हा समज मात्र खरा नाही. घातक असतो तो उष्णतेत काढलेला एकूण काळ. वीज तासभर गेली म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

बर्फाच्या कप्प्यात कॅन कधीही ठेवू नका. तो फुगतो, क्वचित फुटतो, आणि एकदा गोठून वितळलेल्या बिअरचा फेस पूर्वीसारखा राहत नाही.

४. साहित्य

– प्रत्येक चाखणाऱ्यामागे दोन-तीन लहान काचेचे ग्लास, तोंडाशी थोडे निमुळते (वाइनचे ग्लास उत्तम चालतात, स्टीलचे पेले आणि प्लॅस्टिकचे कप मुळीच नकोत)
– स्वयंपाकाचा थर्मामीटर
– पांढरा कागद, रंग पाहण्यासाठी
– फिल्टरचे साधे पाणी आणि एक रिकामे भांडे, उरलेली बिअर ओतण्यासाठी
– बिनमसाल्याचा पाव किंवा खारवलेली नसलेली बिस्किटे
– गुणपत्रक आणि पेन. मोबाइलवर लिहिताना लक्ष विचलित होते

ग्लास धुण्याची पद्धत महत्त्वाची आहे. भांडी घासण्याच्या लिंबाच्या वासाच्या साबणाचा आणि तुपा-तेलाच्या हाताचा अंश काचेवर राहतो आणि फेस बसवतो. खाण्याच्या सोड्याने ग्लास धुऊन भरपूर पाण्याने खळबळावेत आणि उपडे ठेवून हवेतच वाळू द्यावेत, कपड्याने पुसू नयेत. ओल्या ग्लासात आतून मीठ भुरभुरवले आणि ते सर्वत्र सारखे चिकटले तर ग्लास स्वच्छ. जेथे चिकटले नाही तेथे तेलकटपणा आहे. ही चाचणी झाल्यावर ग्लास पुन्हा धुवा.

चाखायची खोली स्वयंपाकघरापासून दूर असावी. फोडणी, उदबत्ती, अत्तर, गुटखा, तंबाखू यांपैकी काहीही आसपास असले तर नाक निकामी होते. भडंगाचा मोह बैठक संपेपर्यंत आवरावा. लसूण आणि तिखट जिभेवर रेंगाळतात आणि त्यानंतर हॉप्सचा कडूपणा खरा कळत नाही.

५. नाक तयार करणे

इंग्रजी मार्गदर्शिकेत ‘पाइनसारखा’, ‘ग्रेपफ्रूटसारखा’, ‘स्कंकसारखा’ असे वर्णन असते आणि ज्याने यांतील काहीही हुंगलेले नाही तो गोंधळून जातो. यावर उपाय म्हणजे बैठकीच्या आदल्या दिवशी आपल्याच बाजारातील वस्तूंचा वाससंच तयार करणे. झाकणाच्या लहान बरण्यांत एकेक वस्तू ठेवावी, डोळे मिटून हुंगावी आणि नाव सांगावे. बिअर उघडण्याआधीच हा सराव केलेल्या माणसाला पहिल्याच बैठकीत जेवढे कळते तेवढे इतरांना अनेक बैठकांनंतरही कळत नाही, असा माझा ठाम अनुभव आहे.

माल्टसाठी, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या व भाजलेल्या जवासाठी, चार वस्तू पुरतात. पावाचा खरपूस कडेचा भाग फिक्या माल्टची दिशा दाखवतो. साखर जाळून केलेले कॅरॅमल आणि साताऱ्याचा कंदी पेढा मधल्या, अधिक भाजलेल्या माल्टची. पेढ्यातील खवा आटताना आणि परतताना जो खमंगपणा येतो त्यामागे साखर आणि प्रथिने तापल्यावर होणारी जी प्रक्रिया असते तीच माल्ट भाजतानाही होत असते. कॉफीची पूड स्टाउटसाठी, आणि तासगावचा काळा बेदाणा बार्लीवाइनसाठी.

हॉप्ससाठी पपनस आणावे. सिएरा नेवाडाच्या पेल एलची ओळख असलेल्या कॅस्केड हॉप्सचा वास ग्रेपफ्रूटच्या अंगाने जातो आणि पपनसाची साल नखाने खरवडून हुंगली की तो वास, सालीखालच्या पांढऱ्या भागाच्या कडवटपणासह, नाकाला कळतो. त्याबरोबर संत्र्याची साल, पिकलेला आंबा आणि पूजासाहित्याच्या दुकानातील राळेचा खडा ठेवावा. राळेचा वास पाइनच्या चिकाशी तंतोतंत जुळत नाही, परंतु टॉर्पेडोसारख्या आयपीएमध्ये ‘झाडाच्या चिकासारखे काही’ जाणवते तेव्हा ती दिशा ओळखायला त्याचा उपयोग होतो.

यीस्टसाठी पिकलेले केळे आणि लवंग. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये हे दोन्ही वास यीस्टमुळे येतात. त्यात केळे किंवा लवंग घातलेली नसते. बेल्जियन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये मात्र धणे आणि संत्र्याची साल खरोखरच घालतात, म्हणून धणेही संचात असावेत.

दोषांसाठी स्वीट कॉर्न उकडलेले पाणी, वितळवलेले लोणी, हिरवे सफरचंद, व्हिनेगर आणि पाण्यात भिजवलेला पुठ्ठा. राहिला स्कंक. हा उग्र दुर्गंध सोडणारा अमेरिकेतील प्राणी आपल्याकडे नाही, पण त्याच्या नावाने ओळखला जाणारा दोष घरी तयार करता येतो आणि तो प्रत्येकाने एकदा तरी करून पाहावाच. कोणतीही साधी लागर (आपल्याकडची नेहमीची फिकट सोनेरी बिअर) दोन काचेच्या ग्लासांत ओता. एक अंधाऱ्या कपाटात ठेवा, दुसरा दुपारच्या उन्हात गच्चीच्या कठड्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवा. मग दोन्ही परत थंड करून हुंगा. उन्हातल्या ग्लासाला जळक्या रबरासारखा, उग्र गंधकी वास आलेला असतो. हॉप्समधील कडू द्रव्ये प्रकाशामुळे फुटतात आणि त्यांतून गंधकयुक्त संयुग तयार होते; आपले नाक ते अत्यंत सूक्ष्म प्रमाणातही टिपते. दर्शनी कपाटातली हिरवी बाटली का नको, हे एकदा हा प्रयोग केल्यावर पुन्हा सांगावे लागत नाही.

६. शैली वाचणे आणि क्रम लावणे

बिअर जज सर्टिफिकेशन प्रोग्राम, म्हणजे बीजेसीपी, ही १९८५ पासून काम करणारी संस्था परीक्षकांसाठी शैलींची सविस्तर वर्णने प्रसिद्ध करते आणि ती विनामूल्य वाचता येतात. प्रत्येक कॅनसाठी त्याच्या शैलीचे वर्णन आधी वाचून घ्यावे. अमेरिकन पेल एलसाठी त्यात कडूपणा ३० ते ५० आयबीयू आणि अल्कोहोल ४.५ ते ६.२ टक्के असा पट्टा दिलेला आहे; सिएरा नेवाडाची पेल एल ३८ आयबीयू आणि ५.६ टक्क्यांवर, म्हणजे बरोबर त्याच्या आत बसते. आयबीयू म्हणजे हॉप्समधून आलेल्या कडू द्रव्यांचे मोजमाप. ते जिभेला किती कडू लागेल याचे मोजमाप नव्हे. बिगफूटचा आकडा ९० च्या घरात आहे, तरीही तिच्यातील माल्टची गोडी एवढी दाट असते की तो कडूपणा अंगावर येत नाही. टॉर्पेडोचा ६५ चा आकडा मात्र, अंग त्यामानाने कोरडे असल्यामुळे, चांगलाच जाणवतो.

क्रम लावताना सौम्य आधी आणि तीव्र नंतर हा नियम पाळावा: पेल एल, हेझी लिटल थिंग, स्टाउट, टॉर्पेडो आणि शेवटी बिगफूट. स्टाउट शेवटी ठेवण्याची चूक बरेच जण रंग पाहून करतात. काळी बिअर जड किंवा मादक असतेच असे नाही. रंग थोड्याशा काळपट भाजलेल्या माल्टने येतो.

इतरांनी ॲपवर दिलेले तारे चाखण्याआधी पाहू नयेत, हे कळकळीने सांगतो. तेथील सरासरीत मादक, गडद आणि दुर्मीळ बिअरना झुकते माप मिळते आणि उत्तम, स्वच्छ लागर मागे पडते. आकडा एकदा डोळ्यांत शिरला की जीभ त्याच्या मागे जाते.

७. ओतणे, पाहणे, हुंगणे, चाखणे

तापमानापासून सुरुवात करा. फ्रीजमधून काढलेला कॅन ४ अंशांच्या आसपास असतो आणि एवढ्या थंडीत वास दबलेला असतो. पेल एल आणि आयपीए ७ ते १० अंशांवर, स्टाउट आणि बार्लीवाइन १० ते १३ अंशांवर चाखाव्यात. परदेशी पुस्तके ‘अर्धा तास बाहेर ठेवा’ म्हणतात. आपल्या उन्हाळ्यात तेवढ्या वेळात बिअर कोमट होईल. काही मिनिटे पुरतात, आणि थर्मामीटर आहेच.

ग्लास तिरका धरून काठावरून ओतायला सुरुवात करावी आणि शेवटी ग्लास सरळ करून मधोमध ओतावे, म्हणजे दोन बोटे फेस येतो. एका वेळी ७५ मिलिलिटरपेक्षा जास्त ओतू नका. चौघांत मिळून एक कॅन पुरतो. सिएरा नेवाडाच्या पेल एलची बाटली असेल तर तिच्या तळाशी यीस्टचा पातळ थर असतो, तो शेवटच्या घोटासाठी बाटलीतच राहू द्यावा.

फेस पहिल्यांदा पाहा: रंग, बारीकपणा आणि तो किती वेळ टिकतो. मग ग्लास पांढऱ्या कागदापुढे धरा. या पेल एलचा रंग गडद सोनेरीपासून तांबूस मधापर्यंत असतो. हेझी लिटल थिंग मात्र गढूळ असते आणि ती तशीच असायला हवी. तिला गढूळपणाबद्दल गुण कापणारा नवखा हमखास भेटतो.

वास घेताना आधी ग्लास नाकाखालून केवळ फिरवावा, मग हलके गरगरवून दोन छोटे श्वास घ्यावेत. ताज्या पेल एलच्या पहिल्या श्वासात पपनसाची साल येते, तिच्या मागून फुलांसारखा हलका वास, आणि ग्लास थोडा तापला की पावाच्या कडेचा आणि किंचित कॅरॅमलचा वास वर येतो. जे जाणवले ते त्याच क्षणी लिहा. बोलू मात्र नका. गटातील एकाने मोठ्याने ‘आंबा!’ म्हटले की उरलेल्या तिघांनाही आंबाच येऊ लागतो. नाक थकले की स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्यावा. कॉफी हुंगण्याची गरज नाही.

चाखताना घोट लहान असावा, तो जिभेवर सर्वत्र फिरवावा आणि गिळावा. वाइनचे परीक्षक थुंकतात, परंतु बिअरचा कडूपणा गिळल्यानंतरच पुरता उमटतो, म्हणून येथे गिळावे लागते आणि म्हणूनच घोट मोजके ठेवावे लागतात. पहिल्या घोटावर काही ठरवू नका. त्याने केवळ जीभ सरावते. दुसऱ्या घोटात आधी काय आले, मध्ये काय आले आणि गिळल्यावर काय उरले या क्रमाने लिहा. शेवटी तोंडातील स्पर्श: पातळ की भरदार, वायूची चुणचुण किती, घशात अल्कोहोलची ऊब आहे का. उरलेली बिअर भांड्यात ओतून द्यावी. ती वाया जाते असे वाटणे स्वाभाविक आहे, पण पाच नमुन्यांनंतरही डोके ताळ्यावर राहायचे असेल तर दुसरा मार्ग नाही. गरोदर स्त्रिया, औषधे चालू असलेली मंडळी आणि नंतर गाडी चालवणारे यांनी वाससंचापुरताच सहभाग घ्यावा. तो भागही तितकाच शिकवणारा आहे.

८. गुण देणे

बीजेसीपीचे गुणपत्रक ५० गुणांचे आहे: वास १२, रूप ३, चव २०, तोंडातील स्पर्श ५ आणि एकूण ठसा १०. या वाटणीतच एक शहाणपण आहे. रूपाला केवळ ३ गुण आहेत, तर वास आणि चव मिळून ३२. दिसायला सुंदर बिअर त्यामुळे फार पुढे जाऊ शकत नाही.

समजा, सव्वा महिना प्रवासात आणि घरात गेलेला पेल एलचा कॅन समोर आहे. वासात पपनस आहे पण मंद. १२ पैकी ९. रूप निर्दोष, ३ पैकी ३. चवीत माल्ट आणि कडूपणा यांचा तोल उत्तम, हॉप्सची चव मात्र लवकर ओसरते; २० पैकी १५. स्पर्शाला ५ पैकी ४, एकूण ठशाला १० पैकी ७. बेरीज ३८. त्याच संस्थेच्या पट्टीवर ३८ ते ४४ म्हणजे ‘उत्कृष्ट’, ३० ते ३७ म्हणजे ‘फार चांगली’, २१ ते २९ म्हणजे ‘चांगली’, आणि ४५ पासून पुढे केवळ असामान्य बिअर. नवखे लोक पहिल्याच बैठकीत सर्वांना ४५ वाटून मोकळे होतात, किंवा न आवडलेल्या बिअरला १० देतात. शैलीनुसार नीट बनलेली, दोष नसलेली बिअर तुम्हाला आवडली नाही तरी ती तिशीच्या खाली सहसा जाऊ नये. आवडीसाठी पत्रकाच्या कडेला वेगळा रकाना ठेवा आणि तेथे मनसोक्त लिहा.

प्रत्येक आकड्यासमोर कारणाचे एक वाक्य हवे. ‘छान’ हे कारण नव्हे. ‘गिळल्यावर कडूपणा बराच वेळ राहतो, पण खरखरीत नाही’ हे कारण आहे.

९. दोष कोणाचा हे ठरवणे

ओल्या पुठ्ठ्याचा वास आणि फिकट पडलेल्या हॉप्स हे बहुधा वयाचे आणि उष्णतेचे परिणाम, म्हणजे वाटेचा दोष. जळक्या रबराचा वास प्रकाशाचा. कॅनमध्ये तो येऊ शकत नाही, तेव्हा कॅनच्या बिअरमध्ये तसा काही वास आलाच तर आधी तुमचा ग्लास उन्हात होता का ते पाहा. लोण्यासारखा किंवा हिरव्या सफरचंदासारखा वास यीस्टला काम पुरे करू दिले नाही तर येतो, आणि उकडलेल्या मक्याचा वास बहुतेक वेळा उकळण्याच्या किंवा थंड करण्याच्या टप्प्यातून येतो. हे ब्रुअरीकडचे दोष. नळाने ओतलेल्या बिअरमध्ये लोण्याचा किंवा व्हिनेगरचा वास आला तर मात्र नळ्यांची साफसफाई झालेली नसण्याचीही शक्यता असते. फेस झटकन बसला आणि ग्लासाच्या आतल्या कडेला बुडबुडे चिकटून राहिले तर दोष ग्लासाचा, त्याबद्दल बिअरचा एकही गुण कापू नये.

गुणपत्रकावर भरल्याची तारीख, चाखल्याची तारीख, कॅन आला कसा आणि ठेवला कोठे या चार गोष्टी लिहाव्यात. वाटेचा दोष आढळला तर गुण जे पडले ते तसेच ठेवावेत, परंतु शेजारी ‘ताजी मिळाल्यास पुन्हा’ असा शेरा मारावा. सिएरा नेवाडा चिकोखेरीज नॉर्थ कॅरोलिनातील मिल्स रिव्हर येथेही बिअर तयार करते आणि दोन्हीकडची पेल एल सारखीच लागावी हे तिच्यापुढील आव्हान असते. मोठ्या ब्रुअरीची खरी परीक्षा अशा सातत्यातच होते, म्हणून एकाच बिअरचे वेगवेगळ्या तारखांचे कॅन मिळाले तर ते अवश्य जवळ ठेवून चाखा.

१०. स्वतःची परीक्षा

दोन-तीन बैठका झाल्यावर त्रिकोणी चाचणी करावी. घरातील एखाद्याला तीन सारख्या ग्लासांवर खालून खुणा करून दोन ग्लासांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी ओतायला सांगावे, ओतताना तुम्ही खोलीबाहेर असावे. वेगळा ग्लास कोणता एवढेच ओळखायचे. अंदाजानेही तिनांतून एकदा उत्तर बरोबर येते, म्हणून चाचणी एकदा करून समाधान मानू नका. ग्लासांची जागा बदलून ती पुन्हा पुन्हा करा, मात्र प्रत्येक फेरीत घोटभरच ओता. सुरुवात पेल एल आणि स्टाउटने करण्यात अर्थ नाही, रंगच सांगून टाकतो. पेल एल आणि टॉर्पेडो घ्या, खोलीतील दिवा मंद ठेवा, आणि ते जमू लागले की एकाच बिअरचा फ्रीजमधील कॅन आणि मुद्दाम आठवडाभर माळ्यावर ठेवलेला कॅन समोरासमोर आणा. त्यांतील फरक डोळे मिटून ओळखता आला की तुमच्या गुणपत्रकातील ‘ताजी मिळाल्यास पुन्हा’ हा शेरा इतरांनीही गांभीर्याने घ्यावा असा झाला.